ट्रॅकनंतर कॅमेरा: तीन वर्षांचे शिक्षण की लघु अभ्यासक्रम?

चाळिशीनंतर चित्रपट करायचे मनावर घेतलेल्या माजी धावपटूपुढे मुख्यतः दोन वाटा असतात: पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, किंवा तिथलाच एखादा लघु अभ्यासक्रम करून थेट स्वतःचा माहितीपट हाती घेणे. मी आठशे मीटर धावत असे आणि दुसऱ्या वाटेने गेलो, हे आधीच सांगतो.

पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या बहुतेक विषयांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, मात्र प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी असे निरनिराळे विषय शिकणारे विद्यार्थी एकत्र काम करतात आणि त्यांतूनच पुढे आयुष्यभराचे युनिट उभे राहते. हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. पण खेळाडू कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसांत लागलेल्या माणसाला त्यासाठी नोकरीवर पाणी सोडावे लागण्याची शक्यता असते, आणि घरात शिकणारी मुले असताना हा निर्णय एकट्याचा राहत नाही.

लघु अभ्यासक्रम काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे असतात, त्यामुळे ते रजेत बसतात. त्यांतला चित्रपट रसास्वाद चित्रपट पाहायला शिकवतो, कॅमेरा चालवायला नव्हे, हे ध्यानात घेऊनच अर्ज करावा. धावणे आणि चित्रपट एकत्र चालू शकतात, याचे उदाहरण म्हणजे अलेक्सी पापस: २०१६ साली रिओत १०,००० मीटरमध्ये ग्रीसचा राष्ट्रीय विक्रम करणाऱ्या या धावपटूने त्याच वर्षी सहदिग्दर्शित चित्रपटही प्रदर्शित केला. ती तेव्हा ऐन उमेदीत होती, हा फरक अर्थात आहेच.

माझ्या पहिल्या चित्रीकरणात मी सगळ्यांसारखा अंतिम रेषेपाशी उभा राहिलो आणि शर्यत निर्जीव दिसली. पुढच्या वेळी पहिल्या वळणाच्या शेवटी गेलो, जिथे आठशे मीटरचे धावपटू आपापली लेन सोडून आत घुसतात. तिथे कोपरे कशी लागतात हे अंगाला ठाऊक होते. दोन मिनिटांच्या शर्यतीच्या २,८८० फ्रेम्समधून कामाचे तीनच सेकंद मिळाले, पण ते जिवंत होते. स्पाइक्सचा, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, आवाज मात्र मला नीट घेता आला नाही, आणि पूर्णवेळ शिकलो असतो तर ध्वनी शिकणारा एखादा मित्र शेजारी असता, याची हळहळ आजही आहे.

म्हणून परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा स्पर्धेतली एक शर्यत चित्रित करून तीन मिनिटांत संकलित करावी. जे अडले ते एकट्याने सरावाने सुटण्यासारखे असेल, तर लघु अभ्यासक्रम पुरेल. दरवेळी जोडीदाराचीच उणीव भासली, तर तीन वर्षे देण्याचा विचार घरच्यांपुढे मांडावा.