बार चार्ट की सीपीएमचे जाळे?

दुमजली इमारतीचे वेळापत्रक बार चार्टवर (प्रत्येक कामाचा कालावधी आडव्या पट्टीने दाखवणारा तक्ता) मांडावे की सीपीएमच्या (क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे कामे एकमेकांवर कशी अवलंबून आहेत हे जोडून दाखवणारी पद्धत) जाळ्यावर, असा प्रश्न एका तरुण साइट इंजिनिअरने विचारला आहे. बार चार्ट झटपट तयार होतो आणि मिस्त्रीलाही वाचता येतो. मात्र स्लॅबचे सेंटरिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा व आधार) चार दिवस लांबले, तर पुढची कोणती कामे अडतील, हे साध्या पट्ट्या सांगत नाहीत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँट कंपनीत आकाराला आलेली सीपीएम नेमके तेच दाखवते: कंपाउंड भिंतीला सहा दिवसांची सवड असेल, पण स्लॅबला शून्य, म्हणून तिथला उशीर थेट ताब्याच्या तारखेवर जातो. त्यासाठी कोणते काम कशावर अवलंबून आहे, हे आधी ठरवावे लागते, आणि हाताने आकडेमोड करायची तर ती कंटाळवाणीच. एकाच ठेकेदाराकडे सगळे काम असेल, तर बार चार्ट पुरे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन वेगवेगळे आणि उशिराला दंड असेल, तर सीपीएमच घ्यावी.