शेजारी चोर, वाटेत पोलीस, घरात परवान्याची बंदूक: घेऊन धावायचं, घरात थांबायचं की मोकळ्या हाताने जायचं?

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक बागायतदारांच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते. कुठे ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायची), कुठे काडतुसाची एकनळी. रानडुकरं, माकडं आणि अलीकडे गवे यांच्यासाठी ती घेतलेली असते. पण रात्री दोन वाजता शेजारच्या घरातून ओरड ऐकू आली, की हात पहिल्यांदा तिच्याकडेच जातो. गणपती झाल्यावर चाकरमानी परत गेले की निम्मी वाडी कुलपात असते, मदतीला धावणारी माणसं मोजकीच उरतात. त्यामुळे ही ऊर्मी चुकीची नाही. चुकतं ते पुढे, कारण कोणीतरी ११२ ला फोन केलेला असतो आणि पोलीसही त्याच घराकडे निघालेले असतात.

त्या वेळी तीन वाटा असतात: बंदूक घेऊन धावणं, बंदूक घेऊन घरातच थांबणं, किंवा ती कुलपात ठेवून चारचौघांबरोबर जाणं. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. दुसऱ्याच्या घरातल्या प्रसंगाला बंदूक घेऊन जाऊ नये. कारणं नीट समजून घ्या, म्हणजे ऐन वेळी मन डळमळणार नाही.

बंदूक घेऊन धावणं

पोलिसांना मिळालेली वर्दी साधारण एका ओळीची असते: अमुक वाडीत चोर शिरलेत, हत्यार असावं. चोर किती, गावकरी किती, परवानेवाले कोण, यातलं काहीच त्यात नसतं. वाडीपर्यंत गाडी जात नाही. जीप डांबरी रस्त्यावर सोडून ते पाखाडीने, म्हणजे चढणीच्या दगडी पायवाटेने, पायी चढतात. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण), वर माडाची झावळं, हातात बॅटऱ्या, भुंकणारे कुत्रे. त्या प्रकाशात तीस पावलांवर त्यांना बनियन-लुंगीतला माणूस आणि त्याच्या हातातली नळी दिसते. परवाना कपाटात असतो, तो दिसत नाही. तुम्हालाही त्यांचे चेहरे दिसत नाहीत, कारण बॅटरीचा झोत तुमच्या डोळ्यांवर असतो. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी आणि पत्र्यावरचा आवाज यात 'थांब, पोलीस' ही हाक दहा पावलांवरूनही कळत नाही. शिवाय भीतीने माणसाची नजर एका जागी खिळते, कान मंदावतात. हे पोलिसांचंही होतं आणि तुमचंही.

सगळ्यात घातक क्षण वळण्याचा. मागून हाक आली की माणूस आवाजाकडे वळतो आणि हातातली नळी त्याच्याबरोबर वळते. तुमच्या मनात 'कोण आहे?' एवढंच असतं. समोरच्याला मात्र आपल्यावर रोखली जाणारी बंदूक दिसते, आणि ठरवायला त्याच्याकडे जेमतेम क्षण असतो. म्हणून हाक ऐकली की वळायचं नाही. आधी बंदूक खाली ठेवायची, हात उघडे करायचे, मग सांगतील तसं वळायचं.

खाली ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला असेल, केप (बार पेटवणारी छोटी टोपी) बसवलेली असेल आणि घोडा चढवलेला असेल, तर ती आपटल्यावर उडू शकते. गडग्याला टेकवून उभी केलेली बंदूक घसरते, म्हणून तीही नको. आडवी ठेवा, नळी माणसं आणि घरं नसतील त्या बाजूला करा आणि पाच-सहा पावलं लांब या.

पोलीस म्हणतील, "रिकामी कर." काडतुसाच्या बंदुकीत हे जमतं. नळी उघडायची कळ (चाप नव्हे) दाबून नळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवायची, काडतूस काढायचं आणि बंदूक उघडीच ठेवायची. मोडलेली बंदूक लांबूनही निरुपद्रवी दिसते. ठासणीचं तसं नाही. दारू, वरचा बोळा, छरे आणि त्यावरचा बोळा गजाने ठासलेला बार उभ्या उभ्या बाहेर येत नाही. फार तर निपलवरची (केप बसते त्या बोंडावरची) केप काढता येते, आणि तेही घोडा अंगठ्याने सांभाळून. अंधारात, थरथरत्या हाताने, पोलिसांसमोर घोड्याशी खेळणं हाच एक नवा धोका आहे. तेव्हा रिकामी करायला जाऊ नका. बंदुकीला हात न लावता मोठ्याने सांगा: "ठासणीची आहे, नळीत बार आहे, केप लावलेली आहे."

खाजगी जीपमधून साध्या कपड्यांत उतरणारी चार माणसं स्थानिक गुन्हे शाखेची असू शकतात. परवानेवाल्याला ती दरोडेखोरांची दुसरी टोळी वाटते. समोरचा पोलीस आहे हे माहीत नसेल आणि तसं समजायला कारणही नसेल, तर कायदा बचावाचा हक्क हिरावून घेत नाही. पण हा युक्तिवाद कोर्टातला आहे. पाखाडीवर तो कोणालाच वाचवत नाही.

पोलिसांइतकाच धोका गावकऱ्यांचाही. वाडीत दुसरी बंदूकही असू शकते. डुक्कर समजून माणसाला छरे लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे तर शिकारी शांतपणे दबा धरून बसलेला असतो, इथे सगळेच घाबरलेले असतात. शिवाय मोकळ्या नळीतून सुटलेल्या छऱ्यांचा घेर २५ पावलांवर दोन हातांच्या आसपास होतो. चोराला शेजाऱ्याने धरलं असेल, तर त्यातून एकाला वेगळं टिपता येत नाही.

मदतीला आलेल्या सशस्त्र माणसावरच पोलिसांची गोळी चालल्याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. कोलोरॅडोतल्या आरवाडा इथे २१ जून २०२१ रोजी एका हल्लेखोराने पोलिसाला ठार मारलं. तिथे असलेल्या एका नागरिकाने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला रोखलं आणि त्याची रायफल हातात घेतली. तेवढ्यात पोचलेल्या पोलिसाला हातात रायफल घेतलेला अनोळखी माणूस दिसला, आणि त्याने गोळी झाडली. मदत करणारा मेला. आपल्याकडे घरफोडीच्या वर्दीवर पहिल्यांदा येणाऱ्या दोघा-तिघा पोलिसांकडे अनेकदा लाठ्याच असतात, त्यामुळे लगेच गोळी चालण्याची शक्यता तिथल्यापेक्षा कमी. पण दरोड्याची वर्दी असेल तर हत्यारी कुमक येते, आणि हातातलं दुसऱ्याचं हत्यार इथेही तितकंच घातक. चोराचा कोयता किंवा कट्टा खाली पडला तर उचलू नका, पायाने लांब सरकवा.

कायद्याचं गणितही पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ प्रमाणे दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणाचाही हक्क आहे. मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, ते कलम ४१ सांगतं; त्यात जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतरची घरफोडी यांचा समावेश आहे. मात्र कलम ३७ म्हणतं, की सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. म्हणजे पोलीस अंगणात पोचले की तुमच्या गोळीचं समर्थन जवळजवळ संपतं. पळणाऱ्या चोराच्या पाठीत छरे घातलेत, तर बचाव झाला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेफिकिरीने गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक मुद्देमाल म्हणून जमा होते ती वेगळीच. मग ऐन आंबा-काजूच्या हंगामात राखणीला काही उरत नाही.

घरातच थांबणं, बंदूक हाताशी

घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील, तर आमची पसंती याला. चोर पळताना तुमच्याकडे वळले तर दार आणि भिंत तुमच्या बाजूची असते. बाहेरच्या अंधारात कोण पोलीस, कोण चोर हे ओळखायचं ओझं उरत नाही.

सगळ्यांना एका खोलीत घ्या. खळ्यातला आणि पडवीतला दिवा लावा, आतला बंद ठेवा. दाराला आलेला माणूस उजेडात उभा राहिला पाहिजे. नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर. खिडकीतून नळी बाहेर काढू नका, पोलिसांना खिडकीत तेवढीच दिसते.

पोलिसांनी दार ठोठावलं तर बंदूक हातात घेऊन उघडू नका. आधी नाव आणि पोलीस ठाणं विचारा, शंका आली तर फोन चालू ठेवून ११२ वरच खात्री करा. मग बंदूक मागच्या खोलीत ठेवा, ती कुठे आहे ते सांगा आणि रिकाम्या हाताने दार उघडा. पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो, शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ मध्ये तसा अधिकार आहे. तो आणायला झटकन आत पळू नका. "कपाटात आहे, आणू का?" असं विचारा.

या पर्यायाची उणीव उघड आहे: शेजाऱ्याला तुमचा हात मिळत नाही. पण फोन, आरडाओरडा, दिवे आणि चोर कुठल्या वाटेने गेले याची खबर एवढं तरी तुम्ही घरातून देऊ शकता.

मोकळ्या हाताने, पण एकट्याने नाही

धडधाकट माणसं चार-पाच असतील तर हा पर्याय चांगला. बंदूक कुलपात, किल्ली घरातल्या जाणत्या माणसाकडे. पोलीस पाटलांना आधी फोन. ग्रामरक्षक दल असेल तर त्यांच्या शिट्या आणि टोप्या ही पोलिसांना पटणारी ओळख. बॅटऱ्या जमिनीकडे धरा, पोलिसांच्या तोंडावर नको. घराला चारी बाजूंनी वेढा घालू नका, पळायला वाट राहू द्या. कोंडलेला चोर वार करतो.

चोर हाती लागलाच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. मारहाण नको. त्यात गावच आरोपी होतं, आणि पोलीस आल्यावर त्यांना गर्दीतून कोण कोणाला मारतंय तेच कळत नाही.

तुम्ही आधीच राखणीवर असाल तर

हा प्रसंग कोणी विचारात घेत नाही, पण कोकणात तो सगळ्यात खरा. तुम्ही आंब्याच्या कलमांच्या बागेत मांगरात (राखणीच्या खोपटात) आहात, बंदूक जवळ आहे, कपाळाला बॅटरी आहे आणि खालच्या रस्त्यावर पोलिसांचे दिवे दिसतात. कपाळावरच्या बॅटरीमुळे तुम्ही शिकारी दिसता, हातातल्या नळीमुळे दरोडेखोर. शिवाय झोत तुमच्याच डोक्यावर असल्याने अंधारात तुम्हीच सगळ्यात स्पष्ट दिसता.

दिवे बघायला खाली उतरू नका. काडतूस काढून खिशात ठेवा. ठासणीची असेल तर पोलीस अजून लांब असतानाच घोडा अंगठ्याने सांभाळून केप काढा. बंदूक मांगरात ठेवून कुलूप लावा आणि तिथेच बसून फोन करा: "मी अमुक, माझ्या बागेत राखणीला आहे, परवान्याची बंदूक मांगरात कुलपात आहे." परवान्याची झेरॉक्स मांगरात कायम प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

किनाऱ्याची वेगळी गोष्ट

शेखाडी आणि दिघीला १९९३ मध्ये उतरलेली स्फोटकं, २००८ मध्ये समुद्रातून आलेला मुंबईवरचा हल्ला, आणि १८ ऑगस्ट २०२२ ला श्रीवर्धनजवळ हरिहरेश्वरला सापडलेली एके-४७ असलेली बेवारस बोट, यामुळे इथे समुद्रकाठच्या संशयाला पोलीस फार गांभीर्याने घेतात. २२ सप्टेंबर २०१६ ला उरणमध्ये शाळकरी मुलांनी हत्यारी माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि नौदल, पोलीस, कमांडो सगळे शोधाला उतरले. अशा रात्री हातात लांब नळी असलेला प्रत्येक माणूस वर्णनात बसतो. सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावात तर पोलीसच घुसखोर बनून येतात. म्हणून इशारा असताना बंदूक घराबाहेर काढूच नका, राखणही एक-दोन रात्री सोडा. होडीत किंवा खाडीवर काही संशयास्पद दिसलं तर किनारा सुरक्षेचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४.

फोनवर काय सांगायचं

११२ चा फोन घेणारा माणूस तुमच्या तालुक्यातला नसतो. त्याला 'खालची वाडी' कळत नाही. जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि ठळक खूण या क्रमाने सांगा. मोबाईलच्या ठिकाणावर विसंबू नका. दाभोळच्या खाडीसारख्या जागी फोन पलीकडच्या टॉवरला लागू शकतो, आणि फेरीबोट बंद असताना खाडीला वळसा घालून यायला गाडीला फार वेळ लागतो. मग स्वतःबद्दल: कपड्यांचा रंग, कुठे उभे आहात, घरात परवान्याची बंदूक आहे आणि ती नेमकी कुठे आहे. ती जागा बदलली तर पुन्हा फोन करून सांगा. लगेच आपल्या पोलीस ठाण्याला आणि पोलीस पाटलांना तेच सांगा, कारण पाखाडी कुठून चढते हे त्यांनाच माहीत असतं.

गोळी झाडावीच लागली असेल, तर नंतर नळी पुसू नका, रिकामी काडतुसं उचलू नका, बंदूक जागेवरून हलवू नका. जखमी माणूस कोणीही असो, १०८ ला फोन करा. पोलीस आले की पहिलं वाक्य बंदूक कुठे आहे आणि तिच्यात बार आहे की नाही, हे असावं. बाकीचं त्यानंतर.