पहिल्या एल्कसाठी रायफल घेताना: .३०८, .३०-०६ की मॅग्नम?

माझ्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा एक व्रण आहे. गावाकडच्या लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "लहानपणी पडली होतीस का गं?" मी हो म्हणून मोकळी होते. खरी गोष्ट अशी की कोलोरॅडोतल्या पॉनी ग्रासलँडवर, बेकर ड्रॉ नावाच्या नेमबाजीच्या मैदानात, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची .३०० विन्चेस्टर मॅग्नम मी हौसेनं खांद्याला लावली. डोळा स्कोपला (रायफलवरच्या दुर्बिणीला) जवळजवळ चिकटवला आणि चाप ओढला. स्कोपची कड भुवईत शिरली. जखम आठवड्यात भरली, पण पुढचे दोन महिने कुठलीही रायफल हातात घेतली की चाप दाबायच्या आधीच माझे डोळे मिटायचे.

हे आधीच सांगते, म्हणजे पुढचा आढावा कुणाचा आहे ते कळेल. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि आजवर तीन एल्क. त्यातली सगळ्यांत लांबची गोळी २१० यार्डांवरची.

यंदा ओळखीतल्या एका मुलीला ड्रॉमध्ये (शिकार-लायसन्सच्या सोडतीत) मादी एल्कचं लायसन्स लागलं. मूळची पुण्याची, आता डेन्व्हरला असते. तिचा प्रश्न: "ताई, टिका .३०८ घेऊ का? ऑफिसातले सगळे म्हणतात एल्कला मॅग्नमच लागते." (टिका ही रायफलची कंपनी. .३०८, .३०-०६ ही काडतुसांची नावं, सुरुवातीचा आकडा ढोबळमानानं गोळीच्या जाडीचा, इंचात. मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेलं जोरकस काडतूस.)

आधी जनावर बघू. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अंगापिंडानं थोरला भाऊबंद. मादी दोनशे-सव्वादोनशे किलोंची, मोठा नर तीनशेच्या वर जातो. (युरोपात 'एल्क' म्हणजे मूस, तेव्हा इंटरनेटवर वाचताना लेख कुठला आहे ते बघा, नाहीतर गल्ली चुकेल.) हाडं जाड, कातडं जाड आणि मरायची अजिबात घाई नसलेलं जनावर. खांद्याच्या लगेच मागे, छातीत बसलेली गोळी त्याला लोळवते. पोटात बसलेली गोळी तुम्हाला रात्रभर डोंगरातून फिरवते. छातीतला मर्मभाग मात्र चांगला मोठा असतो, ताट धरा.

कायद्याची अट माफक आहे. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी), किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. खालच्या तक्त्यातली सगळीच काडतुसं ही अट आरामात ओलांडतात, म्हणजे निवड कायदा करून देत नाही.

आकडे ढोबळ आहेत. नेहमीची फॅक्टरी काडतुसं, २०० यार्डांवर झीरो केलेली (तिथे गोळी बरोबर नेमावर बसेल असा स्कोप लावलेली) रायफल, स्कोपसकट वजन साधारण आठ पौंड.

| काडतूस | गोळी (ग्रेन) | वेग (फूट/सेकंद) | ऊर्जा (फूट-पौंड) | ३०० यार्डांवर घसरण (इंच) | खांद्याला धक्का (फूट-पौंड) |
|---|---|---|---|---|---|
| ६.५ क्रीडमूर | १४३ | २७०० | २३०० | ८ | १२-१३ |
| .२७० विन्चेस्टर | १३० | ३०६० | २७०० | ६.५ | १६-१७ |
| .३०८ विन्चेस्टर | १६५ | २७०० | २६७० | ८.५ | १७-१८ |
| .३०-०६ स्प्रिंगफील्ड | १८० | २७०० | २९०० | ८.५ | २० |
| .३०० विन्चेस्टर मॅग्नम | १८० | २९६० | ३५०० | ७ | २५-२६ |

आता पाचवा आणि सहावा रकाना शेजारीशेजारी वाचा. ३०० यार्डांवर मॅग्नम आणि .३०८ यांच्यात दीड इंचाचा फरक, समोर ताटाएवढा मर्मभाग. त्या दीड इंचासाठी खांद्यावर जवळपास दीडपट मार खायचा. ऊर्जेत मॅग्नम पुढे आहे हे खरंच, आणि ४५०-५०० यार्डांवरून मारायचं असेल तर तो फरक कामाला येतो. पण पहिल्याच वर्षी, धापा टाकत, उतारावर बसून, आडव्या वाऱ्यात ४५० यार्डांवरची गोळी मारू नये. ती मारायचीच नसेल तर तिच्यासाठी रायफल का घ्यायची?

.३०-०६ (इथे सगळे 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणतात) १९०६ साली अमेरिकी सैन्यासाठी आलं. शंभराहून जास्त वर्षं त्यानं एल्क पाडलेत. .३०८ हे १९५२ चं, थोडक्यात त्याचंच आटोपशीर रूप. दोघांचा मोठा गुण म्हणजे मीकर किंवा क्रेगसारख्या गावातल्या छोट्या दुकानातही ही काडतुसं मिळतात. विमानात बॅग हरवली, डबा घरीच राहिला, तरी शिकार बुडत नाही. .२७० हे १९२५ चं. गोळी सपाट जाते, धक्का बेताचा. ज्याच्याकडे घरातली .२७० आहे त्यानं दुसरी रायफल शोधूच नये.

६.५ क्रीडमूर २००७ साली आलं आणि तेव्हापासून त्याच्यावरून भांडणं चालू आहेत. जुने शिकारी त्याला एल्कसाठी अपुरं म्हणतात. माझं मत मधलं आहे. ३०० यार्डांच्या आत, मजबूत गोळी, खांद्याच्या लगेच मागे नेम: काम होतं. पण जनावर तिरकं उभं असेल आणि गोळीला खांद्याचं हाड फोडून आत जायचं असेल, तिथे १६५ ग्रेनची जाड गोळी जास्त माफ करते. अंगानं लहान असाल आणि .३०८ चाही धक्का सोसत नसेल तर मात्र बिनदिक्कत क्रीडमूर घ्या. डोळे उघडे ठेवून मारलेली हलकी गोळी डोळे मिटून मारलेल्या जड गोळीपेक्षा कधीही बरी.

कॅलिबरइतकाच विचार गोळीचा करा. एवढ्या हाडापुढे गोळी फुटून तिचा चुरा होता कामा नये. नोसलर पार्टिशन १९४८ पासून हेच काम करते: आत धातूची आडवी भिंत, पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत राहतो. बार्न्सची टीएसएक्स अख्खी तांब्याची. मी तांब्याचीच वापरते, कारण मांस आम्ही खातो आणि शिशाचे कण खिम्यात नकोत.

आता रायफली. बाजारात पन्नास आहेत. नवख्याला दुकानदार हटकून दाखवतो त्या तिघींबद्दल बोलते.

रुगर अमेरिकन. सगळ्यांत स्वस्त, साधारण साडेपाचशे ते सातशे डॉलर. बोल्ट (काडतूस भरायची-काढायची खिटी) सत्तर अंशांतच उघडतो, सेफ्टी अंगठ्याखाली, वजन साडेसहा पौंडांच्या आत-बाहेर. नेम या किमतीला लाजवेल इतका चांगला. रडगाणं प्लास्टिकच्या दस्त्याचं (खांद्यापासून नळीखालपर्यंतचा सांगाडा): पहिल्या पिढीतला पुढचा भाग हातानं दाबला तर वाकतो, आणि बोल्ट मागे ओढताना खरखर जाणवते. दुकानात टिकानंतर लगेच हातात घेतली तर मन खट्टू होईल. पण एल्कला खरखर ऐकू जात नाही. उरलेल्या दोन-तीनशे डॉलरमध्ये सहा-सात डबे काडतुसं येतात, आणि नवख्याला त्यांचीच खरी गरज असते.

टिका टी३एक्स लाइट. फिनलंडची, साकोच्या रीहिमाकीच्या कारखान्यातली. आठशे-नऊशे डॉलर. बोल्ट तेल लावलेल्या कडीसारखा सरकतो, चाप स्वच्छ सुटतो, आणि तीन गोळ्या शंभर यार्डांवर एका इंचात, ही कंपनीची हमी. वजन ६.४ पौंड, म्हणजे २.९ किलो. एक गंमत दुकानदार सहसा सांगत नाही: टिकाच्या सगळ्या कॅलिबरांना एकाच लांबीची ॲक्शन (बोल्ट बसतो तो मधला भाग) असते. बाकीच्या कंपन्यांत .३०८ घेतलं की रायफल जरा आखूड आणि हलकी मिळते, टिकात तो फायदा नाही. त्यामुळे टिकात .३०८ की .३०-०६ हा प्रश्न फक्त खांदा आणि खिसा यांचा उरतो. सरावाची स्वस्त काडतुसं .३०८ ला जास्त मिळतात, म्हणून मी तिकडे झुकते.

टिकाचा तोटाही तिच्या हलकेपणातच आहे. हलकी रायफल जास्त लाथा मारते. तक्त्यातला धक्का आठ पौंडांवरचा आहे. स्कोपसकट साडेसात पौंडांच्या टिकात .३०० मॅग्नम भरली तर आकडा आणखी चढतो. नळीच्या टोकाला मझल ब्रेक (वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण) लावून धक्का कमी होतो, पण आवाज इतका वाढतो की शेजारी बसलेला माणूस तुमच्याशी दिवसभर बोलणार नाही.

सॅव्हेज ११०. १९५८ पासून बनते आहे. दिसायला काही खास नाही, बोल्ट जरा अडखळतो, वजन सव्वासात पौंडांच्या पुढे. तरी मी कितीतरी जणांना, विशेषतः बायकांना, हीच सुचवते. कारण ॲक्युफिट दस्ता: आत घालायच्या चकत्यांनी त्याची लांबी आणि गालाखालची उंची कमीजास्त करता येते. दुकानातल्या बहुतेक रायफली सहा फुटी माणसाच्या मापाच्या असतात. लांब दस्ता असला की मान पुढे ताणावी लागते, डोळा स्कोपवर सरकतो आणि मग माझ्यासारखी चंद्रकोर उमटते. माझी भुवई फुटली त्यात मॅग्नम निम्मी दोषी, उरलेला निम्मा दोष मापाचा. वजनही शाप नाही. तेच अर्धा किलो बेंचवर खांदा वाचवतं, चढावर मात्र तुम्हाला शिव्या देतं.

मी स्वतः वापरते ती टिकाची कॉम्पॅक्ट, .३०८ मध्ये: आखूड दस्ता, वीस इंची नळी. आखूड नळीमुळे वेग सेकंदाला शंभरेक फुटांनी घटतो. तीनशे यार्डांच्या आत त्याचं मला काही वाटत नाही, आणि अ‍ॅस्पेनच्या दाट झाडीतून वाकून जाताना नळी फांदीत अडकत नाही.

वजनाचा मुद्दा घरी बसून कळत नाही. कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत तुम्ही नऊ-दहा हजार फुटांवर असता, सिंहगडाच्या माथ्याच्या दुपटीहून वर. एल्क पडला की खरी हमाली सुरू होते. एकेक मागचा पाय पाठीवर घेऊन दोन-तीन खेपा, खांद्यावर रायफल आहेच. तिसऱ्या खेपेला अर्ध्या किलोचा हिशोब कुणालाही पटतो. त्याच खेपेतून फ्रीझरमध्ये साठ-सत्तर किलो मांस येतं आणि आमच्याकडे वर्षभर सुक्क्याला मटण विकत आणावं लागत नाही, हेही खरं.

जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल तर? जरूर बघा. रेमिंग्टन ७०० असेल तर एवढं तपासा: २००६ ते एप्रिल २०१४ दरम्यान बनलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीनं २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. अनुक्रमांकावरून कळतं. दुरुस्ती झालेली नसेल तर घेऊ नका.

स्कोपवर फार शब्द खर्चत नाही. ३-९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटर, डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर देणारा. दोन-तीनशे डॉलरचा पुरतो. बसवून घेतल्यावर स्क्रू मात्र स्वतः तपासा. एका दुकानानं मला बसवून दिलेल्या स्कोपच्या रिंगा इतक्या ढिल्या होत्या की गोळ्या कागदावर रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या विखुरल्या, आणि मी अर्धा दिवस स्वतःच्या हाताला दोष देत बसले. टॉर्क मापणारा छोटा पाना घ्या, रिंगांना १५ ते १८ इंच-पौंड.

कागदपत्रांचं थोडक्यात. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. बंदूक विकत घेतल्यावर ताब्यात मिळायला किमान तीन दिवस थांबावं लागतं. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानं एरवी बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. एखाद्या राज्याचं चालू शिकार-लायसन्स हा त्यातला एक अपवाद, आणि लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो. रायफल घरात येण्याआधी हे वकिलाकडून नीट समजून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आणि दुकानात जाण्याआधी एक करा: ओळखीच्या कुणाची तरी .३०८ मागून वीस गोळ्या मारा. सोबत्याला सांगा, मधूनच एखादं खोटं काडतूस भर, मला कळू देऊ नको. खोट्यावर चाप ओढला की नुसता 'टक' आवाज येतो, आणि तेव्हा नळीचं टोक खाली झुकलं तर तुम्ही दचकताय. माझं टोक बोटभर झुकायचं. ते थांबायला .२२ ची (हलक्या धक्क्याची) चारेकशे काडतुसं लागली, मॅग्नमची एकही नाही.

पुण्याच्या त्या मुलीनं दोन शनिवार दुकानं पालथी घातली. टिका लाइटचा दस्ता तिला लांब झाला, कॉम्पॅक्ट शिल्लक नव्हती. शेवटी सॅव्हेज ११० घेतली, .३०८ मध्ये, दस्त्यातल्या सगळ्या चकत्या काढून. सोबत काडतुसांचे सहा डबे. सीझन ऑक्टोबरात आहे. त्यातले चार डबे संपले.