हलका ट्रेलर ओढायला कोणती पिकअप? ताकद नंतर बघा, आधी फाळका उघडून बघा

गेल्या आठवड्यात ट्रेलर जोडलेला असताना माझ्या पिकअपचा फाळका, म्हणजे सामानाच्या हौद्याचं मागचं दार, पहिल्यांदा पूर्ण खाली आला. ज्यांनी कधी ट्रेलर ओढला नाही त्यांना यात विशेष काय, असं वाटेल. पण इतके महिने हौद्यातला पाण्याचा जार आणि गॅसची टाकी मी बाजूच्या पत्र्यावरून वाकून काढत होतो. कमरेचं काय झालं असेल ते समजून घ्या. पिकअप घेताना ही गोष्ट मला एकाही विक्रेत्याने सांगितली नाही आणि एकाही व्हिडिओत दिसली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे जुनी, २.५ लिटर इंजिनची इसुझू व्ही-क्रॉस आहे, सेकंडहँड घेतलेली. १३४ पीएस ताकद, ३२० न्यूटन मीटर टॉर्क वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ब्रोशर परत लिहीत नाही. मागे एका ॲक्सलचा हलका ट्रेलर. दोन मोठी माणसं आणि दोन लेकरं झोपतील एवढी जागा, छोटा ओटा, पाण्याची ६० लिटरची टाकी. कागदावर रिकामं वजन ६२० किलो. आम्ही धुळ्याचे. सोनगीर, दोंडाईचावरून सारंगखेड्याची यात्रा, शहाद्यावरून तोरणमाळ, चाळीसगावकडून पाटणादेवी, कधी कन्नडचा घाट चढून वेरूळ, असा आमचा वापर. यात्रेच्या दिवसांत सारंगखेड्यात राहायला खोली मिळत नाही, आणि घोड्यांचा बाजार नीट बघायचा तर पहाटे तिथे असावं लागतं. ट्रेलर घ्यायचं मुख्य कारण तेच.

गाडी निवडताना चार पर्याय होते. बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धाची डबल केबिन, व्ही-क्रॉस आणि हायलक्स. हायलक्स दोनशेच्या वर पीएसची, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर. ओढायला तिच्यापुढे बाकीच्या काहीच नाहीत. पण हायलक्सच्या पैशात कॅम्पर दोन येतात आणि वर पैसे उरतात. ८०० - ९०० किलोच्या ट्रेलरसाठी एवढे पैसे घालायला माझा जीव होत नाही. हायलक्स आणि डी-मॅक्स (व्ही-क्रॉस याच घराण्यातली) परदेशात ब्रेकवाला ट्रेलर ३५०० किलोपर्यंत ओढतात. आपला हलका डबा त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाच. कॅम्परला २०० न्यूटन मीटर, योद्धाला २५०. सपाट रस्त्यावर दोन्ही हे वजन ओढतील यात मला शंका नाही, कापूस भरून त्याहून जास्त ओढताना आपण रोज बघतो. मी त्या सोडल्या त्या पाटीमुळे. या गाड्या सहसा मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर पास होतात, मग फिटनेस आणि बाकीची कटकट आली. घरच्यांना घेऊन यात्रेला जायचं तर पांढरी पाटी बरी. जुन्या व्ही-क्रॉसचा भाव माझ्या खिशाला परवडला आणि गाडी घरी आली.

सुरुवातीला माझं मत होतं की ट्रेलर ओढायचा म्हणजे इंजिन बघायचं. आता ते मत राहिलेलं नाही. हे इंजिन १८०० आरपीएमच्या खाली मरगळलेलं असतं. तोरणमाळच्या सातपायरी घाटात वळणावर दुसरा टाकून ते १८०० च्या वर ठेवलं की ट्रेलर निमूट मागे येतो. गरज वाटली तर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, आहेच. ओढण्याची अडचण मला कधीच आली नाही. अडचणी आल्या त्या तीन, आणि तिन्ही गाडीच्या मागच्या टोकाच्या. ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यावरचं वजन, ब्रेक आणि फाळका.

वजनापासून सांगतो. सुरतेच्या हायवेवर साक्रीच्या अलीकडे एक लक्झरी बस जोरात ओव्हरटेक करून गेली आणि ट्रेलर शेपटीसारखा दोन्हीकडे हलायला लागला. स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घेतला, गाडी हळू झाली आणि तो शांत झाला. अशा वेळी करकचून ब्रेक मारला तर मागचा डबा गाडीला ढकलून आडवी करतो, एवढं लक्षात ठेवा. घरी आल्यावर आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्यात त्याचा जन्म गेलाय. त्याने दांडा एका हाताने उचलून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी उलाळ शे. मांगे वजन जास्त हुई गयं." बैलगाडी मागे जड झाली की जू बैलाच्या मानेवरून वर उचललं जातं, तोच प्रकार.

मग जिनिंगच्या भुईकाट्यावर गेलो. ही पद्धत प्रत्येकाने एकदा तरी करावी. आधी सामानासकट एकटी पिकअप काट्यावर: २१८० किलो. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर: २२१५. म्हणजे दांड्यावर ३५ किलो. मग दोन्ही काट्यावर: ३०४०. म्हणजे ट्रेलर भरून ८६०. बॉलवर, म्हणजे गाडीच्या हुकाच्या ज्या गोळ्यावर दांडा बसतो त्यावर, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, माझ्याकडे ४ टक्के होता. बनवणाऱ्याने पाण्याची टाकी अगदी मागच्या भिंतीशी बसवलेली आणि स्टेपनी मागच्या बंपरला लटकवलेली. मिस्त्रीने टाकी ॲक्सलच्या पुढे घेतली, स्टेपनी दांड्याच्या अंगाला आणली. पुन्हा काटा केला तर ९५ किलो भरले. त्यानंतर हायवेवर कितीही मोठी गाडी शेजारून गेली तरी ट्रेलर हलत नाही.

इथेच पिकअपचा फायदा कळतो. बॉल मागच्या ॲक्सलच्या मागे सव्वा मीटरवर असतो, त्यामुळे बॉलवर ९५ किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर १३० च्या आसपास पडतात आणि पुढची चाकं ३५ - ४० किलोने हलकी होतात. मऊ स्प्रिंगांच्या एसयूव्ही अशा वेळी मागे बसतात, हेडलाइट झाडांवर जातात. पिकअपचे पाटे दबतसुद्धा नाहीत. रिकाम्या गाडीत हेच पाटे चाळीसगाव रोडवर पोटातलं पाणी हलवायचे, आणि पहिल्या महिन्यात मी घरी त्याबद्दल कुरकुरायचो. ट्रेलर जोडल्यावर मात्र गाडीची चाल इतकी सुधारते की आता त्या पाट्यांविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेत नाही.

आता फाळका.

फाळका आडवा केला की तो बंपरच्या बाहेर दीड फूट येतो. बॉल बंपरपासून आठ इंचांवर. आणि ट्रेलर उभा करायचा जॅक बनवणाऱ्याने बॉलपासून अवघ्या सात इंचांवर, दांड्याच्या बरोबर मध्यावर बसवलेला. आठ आणि सात पंधरा, फाळक्याला लागतात अठरा. जॅकचं हँडल फाळक्याच्या उंचीच्या वर येतं, त्यामुळे फाळका अर्ध्याहून थोडा खाली आला की हँडलवर टेकतो. पहिल्यांदा उघडला तेव्हा फाळक्याच्या कडेला खोक पडली, ती अजून दिसते. फाळका उघडत नाही म्हणजे हौदा बंद. आमचा चुलीचा लोखंडी स्टँड, भाकरीचा तवा, पाण्याचे जार, दोरखंड, सगळं हौद्यात. सारंगखेड्यात दुपारी पोहोचलो, लेकरं भुकेली, आणि तवा काढायला आधी ट्रेलर सोडा. ट्रेलर सोडायचा म्हणजे चाकांना ओट लावा, जॅक खाली घ्या, सेफ्टी चेन काढा, सात पिनचं सॉकेट काढा. बायकोने शेवटी एक भगोणं, पोळपाट आणि कळण्याचं पीठ मागच्या सीटवर पायाशी ठेवायला सुरुवात केली. पंचवीस लाखांच्या घरात जाणाऱ्या जोडीत भाकरीचं पीठ पायाशी ठेवावं लागतं, याचा मला प्रत्येक वेळी संताप यायचा.

ट्रेलर बनवणाऱ्याला फोन केला. ऑर्डर देतानाच मी पिकअपचे फोटो आणि बंपरपासूनची मापं पाठवली होती. तो म्हणे, "तुमची गाडी लांब आहे, आमच्या डिझाइनचा दोष नाही." गाडीच्या लांबीचा आणि याचा काय संबंध? फाळका बाहेर किती येतो आणि जॅक बॉलपासून किती लांब, एवढाच प्रश्न आहे. बराच काळ हो-नाही करून त्याने उपाय सांगितला तो दांडा एक फूट वाढवण्याचा. खर्च १८,००० आणि ट्रेलर त्याच्याकडे नेऊन टाकायचा, डिझेल माझं. पासिंग झालेल्या चेसिसवर मी नवीन वेल्डिंग का करून घेऊ? कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच. त्याचं स्वतःचं रजिस्ट्रेशन आहे, स्वतःची एमएच १८ ची पाटी आहे. मी नाही म्हणालो.

दुसरा सल्ला मिळाला तो हुकाचा तुकडा लांब घेऊन बॉलच मागे नेण्याचा. तोही करू नका. बॉल जितका मागे जाईल तितकं तेच ९५ किलो मागच्या ॲक्सलला जड आणि पुढच्या चाकांना हलके. शिवाय मागचा ट्रेलर गाडीला जास्त हलवणार.

शेवटी आमच्याच मिस्त्रीने सोडवलं. मधला जॅक कापून काढला नाही, फक्त त्याचे बोल्ट सोडून नळी बाहेर घेतली, आणि दांड्याच्या डाव्या अंगाला क्लॅम्पवर फिरणारा जॅक बसवला. पिन ओढली की जॅक आडवा होऊन दांड्याला समांतर झोपतो. सगळा खर्च २,२०० रुपये, वेल्डिंगचा एक ठिपका नाही. फाळका पूर्ण आडवा होतो आणि त्याच्यावरच आता भाजी चिरायला जागा मिळते. १८,००० चं काम २,२०० मध्ये झालं याचा आनंद वेगळाच आहे, पण बनवणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, ही चीड काही जात नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात. माझ्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहे. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचा ब्रेक लागतो. घाट चढताना याचा प्रश्न नाही. उतरताना ट्रेलर सतत ढकलत असतो, म्हणून त्याचा ब्रेकही सतत घासतो आणि तापतो. तोरणमाळ उतरताना मी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, मध्ये एकदा थांबून ट्रेलरच्या चाकाजवळ हात नेऊन धग बघतो. चढावर रिव्हर्स घेताना मात्र हा ब्रेक उलटा लागू शकतो, म्हणून रिव्हर्समध्ये ब्रेक लागू न देणारं लॉक असलेलाच ट्रेलर घ्या. ब्रेक नसलेला ट्रेलर विकणारे भरपूर आहेत, "हलका आहे, गरज नाही" म्हणतात. त्यांना आधी सातपायरी घाटात पाठवा.

ॲव्हरेज सगळे विचारतात. एकटी गाडी हायवेला १३, ट्रेलर लावून ६० - ६५ च्या वेगात साडेनऊ ते दहा. ८० ला नेली की आठवर येते, कारण वजनापेक्षा डब्याच्या उभ्या तोंडावर येणारा वारा जास्त खातो. जूनआधीच्या उन्हात एसी लावून चढ असेल तर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. आपल्याकडे भुसावळ - जळगावची ४५ अंशांची दुपार असते. मी त्या दिवसांत पहाटे चारला निघतो आणि अकराच्या आत मुक्कामाला लागतो.

तुम्ही शोधत असाल तर माझं म्हणणं असं. ट्रेलर भरून हजार किलोच्या आत आणि पिवळी पाटी चालत असेल तर योद्धा किंवा कॅम्पर घ्या, उरलेले पैसे ब्रेकवाल्या ट्रेलरवर घाला. पांढरी पाटी हवी तर चांगल्या स्थितीतली जुनी व्ही-क्रॉस. हायलक्स दीड टनाच्या पुढच्या ट्रेलरला. गाडी कोणतीही असो, हुक बंपरला नाही तर चेसिसला बोल्ट केलेला हवा. टेप घेऊन जा, फाळका उघडा, बंपरपासून त्याच्या टोकापर्यंत मोजा आणि तो आकडा ट्रेलर बनवणाऱ्याकडून लेखी मान्य करून घ्या. ट्रेलरच्या टायरवरच्या कोडात शेवटचे चार आकडे असतात, तो बनल्याचा आठवडा आणि साल, तेही बघा. माझ्या नव्या ट्रेलरला बसवलेले टायर बरेच जुने निघाले. दत्तजयंतीच्या आधी दोन्ही बदलतोय, आणि त्याचं बिलही त्याच बनवणाऱ्याला पाठवणार आहे.