ग्रज ३ लावू की मिरर्स २?

खानापूरचा पाऊस, कौलांवरून पागोळ्या आणि आतेभावाच्या हातात दोन डीव्हीडी. दोन्ही भुताच्या, दोन्ही थेटराचं तोंड न बघता थेट डिस्कवर आलेल्या. "कुठली लावू सांग की."

'द ग्रज ३' २००९ची. गोष्ट शिकागोतल्या अपार्टमेंटची, शूटिंग मात्र बल्गेरियातलं. अमेरिकन मालिकेचे पहिले दोन भाग ताकाशी शिमिझूंचे. इथं दिग्दर्शक टोबी विल्किन्स. कायाको, म्हणजे यातलं बाईचं भूत, झालेली नटीही बदललेली, आणि ते जाणवतंच. तिचा तो घशातला कर्रकर्र आवाज पहिल्या भागात अंगावर काटा आणायचा. इथं तो इतक्यांदा येतो, की आत्या चुलीपासनं म्हणाली, "दाराला तेल घाला रे कुणीतरी!" मग भय संपलंच की.

'मिरर्स २' २०१०ची, व्हिक्टर गार्सियाची. पहिल्या भागातला कीफर सदरलँड नाही. निक स्टाल मोठ्या दुकानात रात्रपाळीचा पहारेकरी. आरशातलं प्रतिबिंब स्वतःला इजा करून घेतं आणि जखम होते खऱ्या माणसाला. गोष्ट साधारणच, सूड कुणाचा ते अर्ध्यातच कळतं. पण कमी पैशात भीती दाखवायला आरशाइतकी स्वस्त वस्तू कुठली? शिवाय तो घरोघरी असतो.

माझं मत मिरर्सला. बघून झाल्यावर आतेभाऊ दात घासायला गेला आणि बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकून आला. "पावसाची दमट हवा, डाग पडतात," म्हणे.