गाडीत झोपण्यासाठी गादी: हवेची, कापसाची की फोमची?

मागची सीट पाडून गाडीतच झोपायचे ठरवले की लांबी-रुंदीचा प्रश्न मागच्या चाकांच्या फुगवट्यांमधले अंतर टेपने मोजले की सुटतो. गादी कशाची घ्यावी हा प्रश्न मात्र तितका सहज सुटत नाही, विशेषतः पुण्यातून निघणाऱ्यांसाठी. आपल्याला एका शनिवारी ताम्हिणी उतरून कोकणातल्या दमट हवेत झोपायचे असते आणि पुढच्या वेळी महाबळेश्वरच्या थंडीत. दोन्हीकडे एकच गादी चालावी असे वाटत असेल, तर काही पर्याय आपोआप मागे पडतात.

त्यातला पहिला म्हणजे घरची कापसाची गादी. पाठीला तिच्याइतके ओळखीचे दुसरे काही नाही, आणि देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात ती उत्तमच. पण कापूस ओल धरतो. किनाऱ्यावर एक रात्र काढली की तिला ऊन द्यावे लागते आणि पावसाळ्यात ते ऊन आणायचे कुठून? शिवाय तिची घडी डिकीत बसवणे हे एकट्याचे काम नाही. मेमरी फोमबद्दलही माझे मत फारसे अनुकूल नाही. हा फोम तापमानाप्रमाणे बदलतो, थंडीत घट्ट होतो आणि उष्म्यात नको तितका मऊ पडतो. घरातल्या खोलीत हे फारसे जाणवत नसेल, पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत जाणवते.

मग उरतात दोघी: हवा भरायची गादी आणि साधा, चांगल्या घनतेचा फोम.

हवेच्या गादीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती पिशवीत मावते, त्यामुळे चार जण बसून जाणार असतील तर तिच्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. गाडीसाठी म्हणून मिळणाऱ्या गाद्यांना पुढच्या सीटमागचा खड्डा भरून काढणारे फुगीर पाय असतात, ही कल्पनाही चांगली आहे. सुरुवातीला मी तीच वापरत होतो, आणि झोप लागेपर्यंत तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नव्हती.

तक्रार पहाटेची होती. संध्याकाळी टणक भरलेली गादी पहाटे ढिली पडलेली असे, कुशीवर वळले की खुबा थेट खालच्या फळीला टेके आणि त्यानंतर झोप नसे. गादीला भोक पडले असावे असे वाटून साबणाचे पाणी लावूनही पाहिले. बुडबुडा एकही आला नाही. कारण साधे आहे. दुपारच्या २८ अंशांत भरलेली हवा पहाटे १३ अंशांवर आली की सुमारे पाच टक्क्यांनी आकसते. गादीतला दाब मुळात बाहेरच्या हवेपेक्षा थोडासाच जास्त असतो, त्यामुळे एवढी घटही तिला सैल करायला पुरते. त्यात नवे प्लॅस्टिक पहिल्या काही रात्री ताणले जाते, ते वेगळेच. उंचीचाही परिणाम होतो: सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात भरलेली गादी तशीच ठेवून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरलात, तर खाली ती नक्कीच लिबलिबीत वाटेल. उपाय म्हणजे पुन्हा हवा भरणे. पण पहाटे चार वाजता सोबत झोपलेल्याला उठवून, एखाद्या देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या अंगणात तो पंप चालवणे मला कधीच योग्य वाटले नाही. केवळ या एका त्रासामुळे मी फोमकडे वळलो. जे गाढ झोपतात किंवा उताणेच झोपतात, त्यांना हा त्रास कदाचित एवढा जाणवणार नाही.

फोम घेताना तयार तीन घड्यांच्या गादीऐवजी गादी कारखान्यात मापाने कापून घ्यावा, असे मी सुचवीन. सहा फुटांच्या तयार गादीचे तिन्ही तुकडे दोन-दोन फुटांचे असतात, आणि मध्यम उंचीच्या माणसाची कंबर नेमकी सांध्याच्या आसपास येते. मी मधला तुकडा तीन फुटांचा आणि दोन्ही टोकांचे दीड-दीड फुटांचे करून घेतले. त्यामुळे खांद्यापासून मांडीपर्यंत सांधा येत नाही, आणि टोकाचे दोन्ही तुकडे दाराच्या झडपांसारखे मधल्यावर मिटतात. ४० डेन्सिटीचा, तीन इंच जाडीचा आणि तीन फूट रुंदीचा असा संच जेमतेम पाच किलो भरतो. तीन इंचांपेक्षा जाड घेतल्यास आत ताठ बसताना डोके छताला लागू शकते. सीटमागच्या खड्ड्यासाठी प्लायवूडची फळी लागते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये ती हव्या त्या मापात मिळू शकते.

फोमचे दोष लपवण्यात अर्थ नाही. मिटलेली घडी बरीच जागा खाते, आणि चौघांच्या सामानासोबत ती नेणे अवघड आहे. पावसाळ्यात बंद गाडीत श्वासातली वाफ गादीच्या खालच्या बाजूला ओल धरते, म्हणून काचा बोटभर उघड्या ठेवून त्यांवर जाळी लावावी आणि सकाळी तुकडे उभे करून वारा द्यावा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणे मात्र कोणत्याही गादीवर धोक्याचेच. उकाड्यात फोम पाठीला गरम लागतो; सुती खोळ आणि वर एक पातळ गोधडी घातली की माझ्यापुरता तो प्रश्न मिटला.

एकट्याने भटकणाऱ्यांनी गिर्यारोहकांची, आत फोम असलेली आणि झडप उघडताच स्वतःहून फुगणारी चटईही पाहावी. ती महाग पडते, पण आत फोम असल्याने थंडी खालून वर येत नाही आणि पंपही लागत नाही. दोघे असाल, वर्षभर जात असाल आणि डिकीत जागा काढता येत असेल, तर मी फोमच घ्यायला सांगेन. घेण्यापूर्वी दुकानातच त्या तुकड्यावर दहा मिनिटे कुशीवर पडून पाहावे. खुब्याला खालची फरशी जाणवली, तर घनता वाढवून मागावी.