सहा नावे, तीन दिवस : खलिफांच्या निवडीवरील एक मराठी वर्ग

इस्लाममध्ये नेता कसा निवडावा आणि सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे कशी जावी, या विषयावरचा सहा सत्रांचा मराठी ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. अशा वर्गांत बहुधा तत्त्वे पाठ करून घेतली जातात आणि इतिहास बाजूला राहतो, म्हणून नाव नोंदवताना मन साशंक होते. येथे मात्र शूरा म्हणजे सल्लामसलत आणि बैअत म्हणजे निष्ठेची शपथ, एवढे समजावून शिक्षकांनी थेट इ. स. 632 मधील, पैगंबर मुहम्मद यांच्या निधनानंतरची मदिना गाठली. सकीफा बनी साइदा या सभामंडपात जमलेले अन्सार म्हणजे मदिनेतील मुस्लिम, तेथे तातडीने पोहोचलेले पैगंबरांचे सहकारी अबू बक्र, उमर व अबू उबैदा आणि दुसऱ्या दिवशी मशिदीत अबू बक्र यांना पहिले खलिफा मानून झालेली सर्वांची बैअत हा क्रम त्यांनी नकाशासह उलगडला.

चौथे सत्र सर्वांत सरस आहे. अबू बक्र यांनी 634 मध्ये प्रमुख सहकाऱ्यांशी बोलून आपल्यानंतरचे खलिफा म्हणून उमर यांचे नाव ठरवले होते. 644 मध्ये प्राणघातक वार झालेल्या उमर यांनी मात्र सहा जणांवर निवड सोपवली आणि तीन दिवसांची मुदत घातली. शिक्षकांनी फळ्यावर उस्मान, अली, तल्हा, जुबैर, साद आणि अब्दुर्रहमान इब्न औफ अशी नावे लिहिली व शेवटचे नाव स्वतःच्या हाताने पुसले, कारण अब्दुर्रहमान यांनी आपला हक्क सोडला आणि ते मदिनेतील लोकांची मते विचारत फिरले. आपल्या मुलाला, अब्दुल्लाह यांना, उमर यांनी केवळ सल्ल्यापुरते बसवले, खलिफापदासाठी नव्हे. सत्ता ही अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, हे मला त्या एका निर्णयातून जेवढे पटले तेवढे कोणत्याही व्याख्येतून पटले नव्हते.

उणीव आहे ती पुढे. पैगंबरांनी गदीर खुम्म येथे अली यांना उत्तराधिकारी नेमले, ही शिया परंपरेची भूमिका दोन-तीन वाक्यांत उरकली गेली, आणि नंतरचे खलिफा मुआविया यांनी पुत्र यजीद याच्यासाठी बैअत घेऊन वारशाची प्रथा कशी रुजवली, हा कळीचा प्रश्न घाईत सुटला. विषयात नव्याने शिरणाऱ्याने वर्ग अवश्य करावा, मात्र या दोन जागी स्वतंत्र वाचन करावे. पाचव्या सत्राचे ध्वनिमुद्रण अस्पष्ट असल्याचे कळवल्यावर लेखी टिपणे मिळाली, पण ती उर्दूत होती; मराठी वर्गाने ती मराठीत द्यायला हवी होती.